एसएसएच तुटलं तरी काम चालू राहायला हवं? मग टीमक्स या क्रमाने लावा

"टीमक्स लावलं होतं हो, तरी काम मेलं" असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच. (एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून लॉगिन करायची सोय, आणि टीमक्स म्हणजे ते लॉगिन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम.) नेमकं काय केलं होतं असं विचारलं की तीनपैकी एक उत्तर मिळतं. टीमक्स स्वतःच्या लॅपटॉपवर चालू केलं आणि त्याच्या आतून सर्व्हरवर एसएसएच केलं, किंवा काम आधी सुरू केलं आणि टीमक्स नंतर आठवलं, नाहीतर बाहेर पडताना सवयीने एक्झिट मारलं. तिन्ही वेळा टीमक्सने आपलं काम बरोबरच केलं होतं, फक्त क्रम उलटा झाला होता.

मी स्वतः यातून गेलोय. गुरुवारी दुपारी डेटाबेसचा भलामोठा डंप सर्व्हरवर इम्पोर्टला लावला, तीन-साडेतीन तासांचं काम, आणि आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते हे लहान पोरालाही माहीत असताना मी मात्र लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निर्धास्त. लॅपटॉप चालू राहिला, राउटर मेला. लाईट आल्यावर लॉगिन करून बघतो तर इम्पोर्ट गायब, अर्धी टेबलं भरलेली, अर्धी नाहीत, आणि कुठपर्यंत आलं होतं ते सांगणारी एकही ओळ कुठे शिल्लक नाही. रात्री पहिल्यापासून सगळं परत.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच, सगळं स्मॉलमध्ये, जिथे कॅपिटल लागतं तिथे वेगळं सांगितलंय. टीमक्सचं स्पेलिंग टी-एम-यू-एक्स.

## आधी हे समजून घ्या: मरतं काय?

तुम्ही एसएसएचने आत गेलात की सर्व्हर तुमच्यासाठी एक खोटा टर्मिनल उघडतो आणि त्यावर शेल, म्हणजे तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम, बसवतो. कनेक्शन संपलं की तो टर्मिनल बंद होतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) शेलला हँगअपचा सिग्नल देतो आणि शेल तोच सिग्नल आपल्या पोटातल्या कामांना देतो. बहुतेक प्रोग्राम या सिग्नलवर मुकाट मरतात.

गंमत अशी की नेट गेल्याचं सर्व्हरला लगेच कळतंच असं नाही. कधीकधी काम पुढची दहा-पंधरा मिनिटं चालू राहतं आणि मग मरतं. त्यामुळे लोकांना वाटतं, "नेट गेल्यावर पण चालू होतं की, मग दुसऱ्याच कशाने तरी बंद पडलं असणार." नाही, त्यानेच बंद पडलं, फक्त सर्व्हरला उशिरा समजलं.

टीमक्समध्ये काय होतं, तर सर्व्हरवर टीमक्सची एक स्वतंत्र प्रोसेस बसते (हिलाच पुढे टीमक्स सर्व्हर म्हटलंय) आणि तुमचा शेल, तुमचं काम, सगळं तिच्या टर्मिनलमध्ये चालतं. तुम्ही फक्त खिडकीतून आत बघत असता. नेट गेलं की खिडकी बंद होते, आतलं घर तसंच. म्हणून टीमक्स ज्या मशीनवर काम चालणार आहे त्याच मशीनवर हवं. लॅपटॉपवर टीमक्स लावून आतून एसएसएच केलं तर लॅपटॉपवरचं टीमक्स सुखरूप राहतं आणि त्यातलं एसएसएच तुटतं, मग उपयोग काय?

## टप्पा १: सर्व्हरवर पाच गोष्टी तपासा

याला दोन मिनिटं लागतात आणि हा टप्पा सगळे गाळतात.

टीमक्स आहे का? टीमक्स -व्ही टाका (व्ही कॅपिटल). व्हर्जन दिसलं तर आहे. नसेल तर उबंटू-डेबियनवर एपीटी इन्स्टॉल टीमक्स, रेड हॅटच्या कुळात डीएनएफ इन्स्टॉल टीमक्स. इन्स्टॉलचा अधिकार नसेल तर स्क्रीन नावाचं टीमक्ससारखंच टूल आहे का बघा, त्यावरही भागतं. पण रेड हॅट ८ पासून स्क्रीन मुख्य रिपॉझिटरीत नाही, ईपेल या जादा रिपॉझिटरीतून घ्यावा लागतो, त्यामुळे स्क्रीनचीच सवय असेल तर नव्या सर्व्हरवर पंचाईत होते.

मशीन कोणतं? होस्टनेम टाका आणि उत्तर कुठेतरी लिहून ठेवा. कॉलेजच्या क्लस्टरवर काम करणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. तिथे एकाच पत्त्यामागे दोन-तीन लॉगिन नोड (आत शिरायची मशीन) असतात, आज पहिल्यावर पडता, उद्या दुसऱ्यावर, आणि दुसऱ्यावर टीमक्सची यादी रिकामी दिसली की लोक घाबरतात. सेशन, म्हणजे टीमक्समधलं तुमचं चालू काम, पहिल्या नोडवर व्यवस्थित असतं.

यूजर कोणता? हूअॅमआय. टीमक्सचं सेशन यूजरच्या नावावर असतं. साध्या यूजरने सुरू केलेलं सेशन सुडो लावून शोधलंत तर दिसणार नाही, कारण सुडोने तुम्ही रूटची, म्हणजे अॅडमिन यूजरची, यादी बघता.

टाइमआउट लावलाय का? एको $टीएमआउट (टीएमआउट सगळं कॅपिटल). उत्तर रिकामं आलं तर ठीक. ९०० वगैरे आकडा आला तर सावध, कारण प्रॉम्प्टवर १५ मिनिटं काही टाइप झालं नाही की बॅश (नेहमीचा शेल) आपोआप लॉगआउट करतो आणि तो टीमक्सच्या आतही करतो. काम चालू असेपर्यंत काही होत नाही, पण काम रात्री दोनला संपलं की सव्वादोनला शेल बंद, शेल बंद म्हणून सेशन बंद, आणि सकाळी तुमच्या हातात काहीच नाही. बरं, सिक्युरिटीवाल्यांनी तो बऱ्याचदा बदलता येणार नाही असाच लावलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे लॉग फाइल, ती पुढे येतेय.

लॉगआउट झाल्यावर सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सर्व्हिस आणि लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम) सगळं मारतं का? /ईटीसी/सिस्टिमडी/लॉगिनडी.कॉन्फ ही फाइल उघडून त्यात किल-यूजर-प्रोसेसेस ही ओळ शोधा (फाइलमध्ये तीन शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल). मूळ सिस्टिमडीत २०१६ च्या २३० व्हर्जनपासून हे चालू असतं, म्हणजे तुमचं शेवटचं लॉगिन संपलं की टीमक्ससकट सगळं साफ. उबंटू आणि डेबियन हे बंद करून देतात म्हणून बहुतेकांना कधी त्रास होत नाही. पण तुमच्याकडे चालू असेल तर आधी एकदा लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर चालवा आणि मग टीमक्स असं सुरू करा:

सिस्टिमडी-रन --स्कोप --यूजर टीमक्स न्यू -एस इम्पोर्ट

> तपासा: होस्टनेम, यूजर आणि टाइमआउट या तिन्हीची उत्तरं माहीत झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: लॅपटॉपच्या बाजूने थोडी डागडुजी

याने काम वाचत नाही, काम टीमक्स वाचवतं. याने फक्त उगीचच्या उगीच कनेक्शन तुटणं कमी होतं.

मधल्या राउटरला किंवा क्लाउडच्या गेटवेला एखाद्या कनेक्शनवर बराच वेळ काही हालचाल दिसली नाही की तो ते विसरून जातो. अॅमेझॉनच्या नॅट गेटवेवर ही मुदत ३५० सेकंद आहे, म्हणजे सहा मिनिटंसुद्धा नाही, तुम्ही चहा टाकून येईपर्यंत संपलं. यासाठी लॅपटॉपवर घरच्या फोल्डरमधल्या .एसएसएच/कॉन्फिग फाइलमध्ये होस्ट * खाली दोन ओळी टाका:

सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०
सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ३

मग एसएसएच दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारतं आणि तीनदा ओ आली नाही की स्वतःहून बाहेर पडतं. याचा फायदा दुहेरी आहे, रिकामं कनेक्शन जिवंत राहतं आणि मेलेलं कनेक्शन मेलंय हे तीन मिनिटांत कळतं.

आणि टर्मिनल गोठलाच, काही टाइप होत नाही, कंट्रोल-सी पण चालत नाही, तर खिडकी बंद करायची गरज नाही. एंटर दाबा, मग टिल्डचं चिन्ह, मग टिंब. एसएसएच जागच्या जागी तुटतं. दहा-दहा वर्षं लिनक्सवर काम केलेल्यांनाही हे माहीत नसतं.

## टप्पा ३: आधी सेशन, मग काम

हाच तो क्रम. एसएसएच करा, आणि दुसरं काहीही करायच्या आधी:

टीमक्स न्यू -ए -एस इम्पोर्ट

पहिलं ए कॅपिटल, दुसरं एस स्मॉल. कॅपिटल ए चा अर्थ, या नावाचं सेशन असेल तर त्यात ने, नसेल तर नवीन कर. एवढी एकच कमांड पाठ केली तरी सुरू करायला आणि परत यायला दोन्हीकडे चालते. मी तर हीच वापरतो, बाकीच्या विसरायला होतात.

नाव कामाचं द्या. इम्पोर्ट, बॅकअप, बिल्ड, काहीही, पण द्या. नुसतं टीमक्स टाकलं की ०, १, २ अशी नावं पडतात आणि आठवड्याने सात सेशन दिसतात, कशात काय आहे देव जाणे. नावात टिंब किंवा कोलन घालू नका, टीमक्स त्याचा अंडरस्कोअर करून टाकतं आणि मग तुम्ही जुन्या नावाने शोधत बसता.

> तपासा: खाली हिरवी पट्टी आली का, तिच्यात डावीकडे चौकटी कंसात तुमचं नाव दिसतंय का? नसेल तर तुम्ही टीमक्समध्ये नाही. कोणी पट्टी बंद करून ठेवली असेल तर एको $टीमक्स (कॅपिटलमध्ये) टाका, काहीतरी पाथ आला की आत आहात.

आता काम. इथे एक चूक हुशार लोक करतात. कमांड थेट टीमक्सलाच देतात, टीमक्स न्यू -एस इम्पोर्ट आणि पुढे स्क्रिप्टचं नाव. चालतं, दिसायलाही छान, पण स्क्रिप्ट संपली की खिडकी संपते आणि तिच्यासोबत शेवटचा एररही जातो. स्क्रिप्ट दहाव्या सेकंदाला पडली का तीन तासांनी नीट संपली, काहीच कळत नाही. म्हणून आधी आत जा, शेल दिसू द्या, मग त्यात कमांड टाका.

आणि लॉग ठेवाच:

टाइम ./इम्पोर्ट.एसएच २>&१ | टी -ए इम्पोर्ट.लॉग

यातला टी म्हणजे टी-डबल-ई. स्क्रीनवरही दिसतं आणि फाइलमध्येही जातं. माझ्या त्या गुरुवारी एवढी ओळ असती तर निदान कोणत्या टेबलापर्यंत पोचलो होतो ते तरी कळलं असतं. फक्त लक्षात ठेवा, अशा पाइपनंतर शेवटचा एक्झिट कोड हा टी चा असतो, तुमच्या स्क्रिप्टचा नाही. त्यामुळे शून्य आला म्हणून खूश होऊ नका, सेट -ओ पाइपफेल आधी चालवा, मग शून्याला अर्थ आहे.

> सावधान: स्क्रिप्टमध्ये मध्येच कुठे सुडो असेल तर ती तासाभराने पासवर्ड मागत उभी राहील आणि तुम्ही झोपलेले असाल. काम सुरू केल्यावर पाच मिनिटं बघत बसा, आणि असे प्रश्न विचारणाऱ्या जागा आधीच काढून टाका.

## टप्पा ४: बाहेर पडणं, म्हणजे डिटॅच

कंट्रोल आणि बी एकत्र दाबा. दोन्ही सोडा. मग डी दाबा.

सोडा हा शब्द मी उगीच लिहिलेला नाही. नवीन माणूस कंट्रोल दाबून ठेवूनच बी आणि डी मारतो, ते टीमक्सला वेगळंच काहीतरी वाटतं, काही होत नाही, मग तो वैतागून कंट्रोल सोडत नाही आणि परत डी मारतो, या वेळी ते थेट शेलला जातं. आणि शेलला कंट्रोल-डी म्हणजे "चल बंद हो". सेशन गेलं.

बरोबर झालं तर हिरवी पट्टी जाते आणि चौकटी कंसात डिटॅच्ड, फ्रॉम सेशन इम्पोर्ट अशा अर्थाची ओळ येते. नुसता एक्झिटेड हा शब्द चौकटी कंसात आला तर समजा सेशनच संपवलंत.

खरं सांगायचं तर डिटॅच न करता सरळ लॅपटॉप मिटलात तरी चालतं, टीमक्सला फरक पडत नाही, ते त्याचसाठी बनलंय. डिटॅच शिकायचं ते एवढ्यासाठी की बाहेर पडायचं म्हटलं की बोटं एक्झिटकडे वळतात.

## टप्पा ५: खऱ्या कामाआधी रंगीत तालीम

नवीन सर्व्हर असेल तर हे कराच, कारण पहिल्या टप्प्यातलं काही सुटलं असेल तर इथे उघडं पडतं.

१. तालीम नावाचं सेशन उघडा आणि त्यात दर पाच सेकंदांनी वेळ छापणारं छोटं लूप चालवा:

व्हाइल ट्रू; डू डेट; स्लीप ५; डन

२. त्या सर्व्हरवरची तुमची बाकी सगळी लॉगिन बंद करा. दुसऱ्या टॅबमध्ये एक उघडं राहिलं तर ही परीक्षा फुकट, कारण सिस्टिमडी शेवटचं लॉगिन जाईपर्यंत थांबतं.

३. आता लॅपटॉपचं वायफाय बंद करा. डिटॅच करायचं नाही, एक्झिट नाही, सरळ वायफाय बंद.

४. पंधरा-वीस मिनिटं दुसरं काहीतरी करा. दोन मिनिटांत बघायची घाई नको, वर सांगितलं तसं सर्व्हरला उशिरा कळतं.

५. वायफाय चालू, परत एसएसएच, टीमक्स अटॅच -टी तालीम.

मग छापलेल्या वेळा बघत वर जा. ११:४२:०५, ११:४२:१०, ११:४२:१५, असं मधे खंड न पडता चाललेलं असेल तर पास. सेशनच नसेल तर पहिल्या टप्प्यावर परत, बहुतेक सिस्टिमडीची ओळ.

## टप्पा ६: परत येणं

टीमक्स एलएस ने यादी, टीमक्स अटॅच -टी इम्पोर्ट ने आत. इथे नुसतं टीमक्स टाकू नका, ते नवीन कोरं सेशन उघडतं आणि "माझं काम गेलं" अशी ओरड सुरू होते. त्या कोऱ्या सेशनमध्ये आलाच असाल तर कंट्रोल-बी, सोडा, मग एस, सगळ्या सेशनची यादी येते, बाणाने निवडा.

स्क्रीन अर्ध्यातच दिसतोय आणि उरलेल्या जागेत ठिपके ठिपके? ऑफिसच्या मशीनवर किंवा फोनवर तेच सेशन उघडं राहिलंय, आणि त्या छोट्या स्क्रीनच्या मापाने सगळं आखडलंय. टीमक्स अटॅच -डी -टी इम्पोर्ट केलं की बाकीचे बाहेर आणि तुम्ही आत.

यादीच आली नाही आणि "नो सर्व्हर रनिंग" आलं तर या क्रमाने बघा:

पहिलं होस्टनेम आणि हूअॅमआय, दहापैकी निम्म्या वेळा इथेच निकाल लागतो. मग अपटाइम, सर्व्हर मधे रीबूट झाला असेल तर विषय संपला, टीमक्स मेमरीत असतं, रीबूटमधून वाचत नाही. मग पीएस लावून टीमक्सची प्रोसेस चालू आहे का बघा. प्रोसेस आहे पण यादी येत नाही, याचा अर्थ /टीएमपी साफ करणाऱ्या कुठल्यातरी स्क्रिप्टने टीमक्सची सॉकेट फाइल (जिच्यातून त्याच्याशी जोडता येतं ती) उडवली, कारण ती /टीएमपीच्या आत टीमक्स आणि तुमचा यूजर नंबर अशा नावाच्या फोल्डरमध्ये असते. काम अजून जिवंत आहे, घाबरून काही मारू नका. किल -यूएसआर१ आणि पुढे त्या टीमक्स सर्व्हरचा प्रोसेस नंबर, एवढं दिलं की तो सॉकेट परत बनवतो. हे मी एकदाच वापरलंय पण त्या दिवशी टीमक्स बनवणाऱ्याला मनातल्या मनात नारळ फोडला.

वरचं आउटपुट बघायचंय. माउसचं चाक फिरवून भलतंच काहीतरी दिसतं. कंट्रोल-बी, सोडा, मग डावा चौकटी कंस. आता पेज-अप. बाहेर यायला क्यू. या मोडमध्ये असताना स्क्रीन हलत नाही, त्याला लोक "हँग झालं" समजतात आणि कंट्रोल-सी मारत सुटतात. काम मागे चालूच असतं. उजवीकडे वर कोपऱ्यात छोटे आकडे दिसत असतील तर तुम्ही या मोडमध्ये आहात, आधी क्यू. तसंच चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं तरी सगळं थिजतं, कंट्रोल-क्यू ने सुटतं.

टीमक्स मुळात फक्त २००० ओळी लक्षात ठेवतं. मोठ्या कामाला हे काहीच नाही. सर्व्हरवर घरच्या फोल्डरमध्ये .टीमक्स.कॉन्फ बनवून त्यात:

सेट -जी हिस्टरी-लिमिट ५००००
सेट -जी माउस ऑन

पहिली ओळ फक्त नंतर उघडलेल्या खिडक्यांना लागू होते, आधीच उघड्या असलेल्यांना नाही. फाइल बदलली आणि फरक पडला नाही तर टीमक्स सोर्स-फाइल आणि फाइलचा पाथ द्या, कारण टीमक्स ही फाइल टीमक्स सर्व्हर सुरू होतानाच वाचतं.

गिट अचानक की मागायला लागलं. लॅपटॉपवरची एसएसएच की एजंटमधून (की सांभाळून ठेवणारा छोटा प्रोग्राम) पुढे पाठवत असाल तर परत आल्यावर हे होणारच. जुन्या शेलला कालच्या कनेक्शनच्या एजंटचा पत्ता माहीत असतो, तो पत्ता आता अस्तित्वात नाही. नवीन खिडकी उघडली (कंट्रोल-बी, मग सी) तर तिला नवीन पत्ता मिळतो, सर्वात सोपं तेच.

देवनागरी फाइलनावांच्या जागी अंडरस्कोअर. यूटीएफ-८ ची लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) लागलेली नाही. तात्पुरतं टीमक्स -यू अटॅच करून आत या.

## काम आधीच सुरू झालंय आणि टीमक्स लावायचं राहिलं, आता?

पहिला प्रश्न, काम नव्याने सुरू करणं परवडतं का? दहा मिनिटंच झाली असतील तर थांबवा आणि नीट करा. नसेल परवडत तर दोन वाटा आहेत, दोन्ही थोड्या काट्याकुट्याच्या.

एक, कंट्रोल-झेड ने थांबवा, बीजी ने मागे चालू करा, मग डिसओन -एच. आता शेल त्याला हँगअपचा सिग्नल पाठवणार नाही. पण आउटपुट अजून जुन्या टर्मिनलकडेच जातंय, आणि तो टर्मिनल गेल्यावर प्रोग्रामने काही छापायचा प्रयत्न केला तर त्याला एरर मिळते, काही प्रोग्राम ती गिळतात, काही तिथेच मरतात. गप्प चालणाऱ्या कामाला हे ठीक, बडबड्या कामाला नाही.

दोन, रेप्टायर नावाचं छोटं टूल. थांबवा, मागे पाठवा, डिसओन करा, मग टीमक्स उघडून आतून रेप्टायर आणि प्रोसेस नंबर, ते काम उचलून आत आणतं. उबंटूवर पीट्रेसवरची (एका प्रोग्रामने दुसऱ्यात हात घालायची सोय) बंदी आडवी येते, कर्नल.यामा.पीट्रेस_स्कोप हे रूटकडून तात्पुरतं ० करावं लागतं आणि नंतर आठवणीने परत १. पाइप लावलेल्या कामात, म्हणजे एकाला एक जोडलेल्या तीन कमांड असतील तर याची खात्री मी देणार नाही.

नोहपबद्दल पण विचारतात. नोहप हँगअपचा सिग्नल अडवून काम वाचवतो, आउटपुट नोहप.आउट मध्ये टाकतो, पण मधे काही विचारलं तर उत्तर देता येत नाही. बिनप्रश्नाच्या स्क्रिप्टला चालेल.

## मॉश लावू का?

मॉश म्हणजे सतत तुटणाऱ्या नेटसाठी बनवलेला एसएसएचचा पर्याय. गाडीतून, ट्रेनमधून, फोनच्या हॉटस्पॉटवरून काम करत असाल तर लावा. कर्जत ते लोणावळा घाटात बोगद्यामागून बोगदा येतो तिथे साधं एसएसएच रडकुंडीला आणतं, मॉश मात्र नेट आलं की जिथे होतं तिथून चालू, आयपी बदलला तरी. पण सर्व्हरवर यूडीपीचे ६००००च्या पुढचे पोर्ट उघडे लागतात (६१००० पर्यंत), दोन्हीकडे यूटीएफ-८ लागतं, आणि एजंट पुढे पाठवता येत नाही. मुख्य म्हणजे लॅपटॉप रीस्टार्ट झाला तर मॉशचं ते सेशन तुम्हाला परत पकडता येत नाही. म्हणून मॉशच्या आतही टीमक्स हवंच.

## टीमक्स जिथे लावूच नये

कायम चालू राहायला हवी अशी गोष्ट, वेबसाइटचा सर्व्हर, टेलिग्रामचा बॉट, टीमक्समध्ये ठेवू नका. बरेच जण ठेवतात. मग एका रात्री सर्व्हर अपडेट घेऊन रीबूट होतो आणि सकाळी साइट बंद. त्यासाठी सिस्टिमडीची सर्व्हिस लिहा, दहा ओळींची फाइल असते. टीमक्स-रिझरेक्ट नावाचं प्लगइन रीबूटनंतर खिडक्यांची मांडणी परत आणतं, पण अर्धवट चाललेलं काम परत आणत नाही, नाव ऐकून फसू नका. क्लस्टरवरचं जड गणितही लॉगिन नोडच्या टीमक्समध्ये चालवायचं नसतं, ते स्लर्मला (क्लस्टरवर कामं वाटून देणारा प्रोग्राम) द्या, नाहीतर अॅडमिनची मेल येते आणि ती गोड नसते.

उबंटूचं मोठं अपग्रेड एसएसएचवरून करत असाल तर डू-रिलीज-अपग्रेड स्वतःच स्क्रीनमध्ये चालतं आणि १०२२ पोर्टवर जादा एसएसएच उघडायची तयारी दाखवतं. तो पोर्ट फायरवॉलमध्ये आधी मोकळा करा, अडकल्यावर करता येत नाही.

## टप्पा ७: आवराआवर

काम संपलं, लॉग बघितला, की सेशन बंद करा: टीमक्स किल-सेशन -टी इम्पोर्ट. आत रूटचा शेल उघडा असेल तर हे आजच करा, तुमचा यूजर ज्याच्या हाती लागेल त्याला तो रूट आयता मिळतो.

> सावधान: किल-सर्व्हर ही कमांड किल-सेशनसारखी दिसते पण ती तुमची सगळीच्या सगळी सेशन एका फटक्यात मारते, विचारतसुद्धा नाही.

एका टीमक्समध्ये दुसरं चालू केलंत, म्हणजे लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर एक, तर कंट्रोल-बी बाहेरचंच उचलतं. आतल्याला द्यायचं असेल तर कंट्रोल-बी दोनदा, मग डी. दोन हिरव्या पट्ट्या दिसल्या की हाच मामला.

आणि शेवटचा एक घोळ, जो सर्व्हर महिनोन् महिने चालू ठेवणाऱ्यांकडे येतो. टीमक्सचं पॅकेज अपडेट झालं, जुनं सेशन अजून चालू आहे, आणि अटॅच करायला गेलं की "प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच". नवीन खिडकीला जुनं घर ओळखू येत नाही. सेशन मारू नका. पीग्रेप टीमक्स ने जुन्या सर्व्हरचा प्रोसेस नंबर काढा, समजा २२१४ आला, आणि त्याच जुन्या प्रोग्रामने आत शिरा:

/प्रोक/२२१४/ईएक्सई अटॅच -टी इम्पोर्ट

डिस्कवरची जुनी फाइल गेली असली तरी ती प्रोसेस चालू असेपर्यंत कर्नल तिची प्रत धरून ठेवतो. आत गेलात की काम संपू द्या, सगळं बंद करा, आणि पुढचं सेशन नव्या टीमक्सने उघडा.